रेवाची आखडलेली मान

शैलेंद्रराव हुद्दार कधी कादंबरी लिहितील, असं त्यांच्या पत्रिकेत कुठंही नव्हतं. सत्तावीस वर्षं जबलपुरात सिंचन खात्यात बसून, 'उचित कार्यवाही हेतु प्रस्तुत' असं लिहून फाईल पुढच्या टेबलावर ढकलणारा माणूस. त्यानं एकदम जुलमी राजे, अमानवी शक्ती आणि बंडखोर पोरं यांच्या भानगडीत पडावं, याला कारण झालं साधं वरणभाताचं ताट.

त्या रविवारी त्यांची लेक अवंतिका जेवताना पुस्तक वाचत होती. वय पंधरा. पुस्तक इंग्रजी, उशीएवढं जाड, आणि त्यातही चौथा भाग. वरण कधीच थंड झालेलं.

"एवढं काय चालू आहे त्यात?" शैलेंद्ररावांनी विचारलं.

"बाबा, एक तानाशाह है. उसके पास पॉवर्स हैं. सब डरते हैं उससे. फिर पंद्रह-पंद्रह साल के बच्चे उसके खिलाफ खड़े हो जाते हैं."

"आणि घरचे काही म्हणत नाहीत?"

"घरवाले तो पहले चैप्टर में ही मर जाते हैं."

शैलेंद्ररावांचा घास हातातच राहिला. जबलपुरातल्या एका कर्त्या बापाची पहिल्या प्रकरणापुरतीही किंमत नसावी, हे त्यांच्या मनाला लागलं. "असल्या कादंबऱ्या मी सकाळच्या चहाआधी लिहीन," ते म्हणाले, "आणि मराठीत लिहीन!"

"लिखो ना," अवंतिका म्हणाली. "आप लिखोगे तो पूरी पढ़ूँगी. प्रॉमिस."

ती सहज बोलून गेली, पण शैलेंद्ररावांनी ते वचन धरूनच ठेवलं. कारण ही पोरगी मराठी बोलायचीच नाही. समजायचं सगळं. पण दोन वर्षांपूर्वी पुण्याला एका मुंजीत तिनं 'मी खाना खाल्ला' म्हटलं, आणि मावसबहिणी हसून हसून लोळल्या. त्या दिवसापासून तिनं मराठीला जे कुलूप घातलं ते घातलंच. आईनं मराठीत विचारायचं, हिनं हिंदीत उत्तर द्यायचं. शैलेंद्ररावांना याचं दुःख होतं आणि ते कोणाला सांगता येत नव्हतं, कारण सांगायला गेलं की समोरचा म्हणायचा, 'अहो, आमच्याकडे तर समजतही नाही.' आता ही पोरगी एक अख्खं मराठी पुस्तक वाचणार होती. मग ते लिहायलाच हवं होतं.

लिहायला बसले खरे, पण हात सरकारी. पहिलं वाक्य उतरलं ते असं: 'उपरोक्त राज्यात प्रजेवर जुलूम होत असल्याचे निदर्शनास आले आहे.' विनतानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ते वाचलं आणि कुकर लावायला निघून गेली. तीन दिवस कागद फाडल्यावर कुठं गाडी रुळावर आली.

राजाचं नाव प्रचंडदेव. आता त्याला शक्ती कोणती द्यायची? डोळ्यांतून आग काढणारे, पहाड उचलणारे पुष्कळ झाले. शैलेंद्ररावांनी दिली ती शक्ती वेगळीच होती. प्रचंडदेव बोलायला लागला की ऐकणाऱ्याची मान आपोआप होकारार्थी डोलायची. बस्स! ना तलवार, ना तुरुंग. तो गोड आवाजात म्हणायचा, 'माझं एवढंच म्हणणं आहे,' की भरलेला दरबार माना डोलवायला लागायचा.

"हे तुम्ही कोणाला पाहून लिहून राहिले?" विनतानं विचारलं.

"कोणाला पाहून काहून लिहू? कल्पनाशक्ती नावाची काही चीज असते!"

आणि त्याच्यासमोर उभी राहणारी पोरगी, रेवा. तिच्यात कसलीही शक्ती नव्हती. ती लहानपणी झाडावरून पडली होती आणि तिची मान कायमची आखडलेली होती. डोलतच नव्हती! अख्ख्या राज्यात प्रचंडदेवाला 'नाही' म्हणू शकणारं एवढं एकच माणूस, आणि तेही वैद्यकीय कारणामुळे.

हे प्रकरण वाचून अवंतिका अशी हसली, की शेजारच्या खोलीत शैलेंद्ररावांना कान टवकारावे लागले. मग ती बाहेर आली. "बाबा, 'बेमुर्वत' मतलब? और अगला चैप्टर कब?" त्या दिवशी त्यांनी ऑफिसात तीन फायली हसतमुखानं मंजूर केल्या. लोकांना वाटलं, साहेबांची बदली रद्द झाली.

इथवर सगळं ठीक होतं. एखादी गोष्ट जबलपुरातल्या मराठी घरात गुपचूप झाली असती तर ठीकच राहिली असती. पण खालच्या मजल्यावर बेबीकाकू राहतात. त्यांना कळलं. त्यांनी जिन्यातच अडवलं.

"मी काय म्हणते भाऊ, पोरगी पंधराची, अन् एकटी रानोमाळ हिंडून राहिली? सोबत कोणी मोठं बाईमाणूस नाही? लोकं काय म्हणतील? एक आत्या टाका."

बेबीकाकूंशी कोण वाद घालणार? शैलेंद्ररावांनी एक आत्या टाकली. आता आत्या म्हटल्यावर तिचे गुडघे आले, तिची चतुर्थी आली. दर दुसऱ्या प्रकरणात क्रांती थांबायची आणि पोरं आत्यासाठी साबुदाणा भिजवायची. अवंतिका म्हणाली, "आत्या फनी है, रहने दो." म्हणून आत्या राहिली.

छापायचं काम गोहलपुरात धनेशकडे दिलं. धनेशचा छापखाना लग्नपत्रिकांचा. माणूस मनानं फार चांगला, पण त्याच्या संगणकात जेवढी चित्रं होती तेवढी सगळी लग्नाची. मुखपृष्ठावर प्रचंडदेव म्हणून त्यानं घोड्यावरचा नवरदेव घेतला आणि त्याच्या मिशा वाढवल्या. भोवती सोनेरी वेलबुट्टी. वर गणपती.

"धनेशभैया, हा जुलमी राजा आहे. हा असा खुशीत काहून दिसून राहिला?"

"भाऊ, जुलमी आहे तर खुशीतच असणार ना! दुखी तो प्रजा है."

आता प्रकाशन. ते नर्मदातीर महाराष्ट्र मंडळाच्या सभागृहात, वार्षिक सभेच्या दिवशी करायचं ठरलं. त्याचं कारण असं, की वार्षिक सभेला जेवण असतं, आणि जेवणाला श्रीखंड असलं की मराठी माणूस साहित्यही ऐकून घेतो. पण मंडळ म्हटलं की नियम आले. नियम क्रमांक चौदा: सभागृहात प्रकाशित होणाऱ्या पुस्तकाचं परीक्षण उपसमितीकडून व्हावं. उपसमितीत तीन जण. एक मुलाकडे बंगलोरला, एक देवाघरी, आणि उरलेले एक म्हणजे मंडळाचे सचिव शालिग्राम. अर्जाचा नमुना बालनाट्य स्पर्धेचा होता, तोच चालायचा. त्यात 'पालकाची सही' असा रकाना होता. शैलेंद्रराव म्हणाले, मी त्रेपन्न वर्षांचा आहे. शालिग्राम म्हणाले, रकाना रिकामा ठेवता येत नाही. शेवटी पालक म्हणून विनतानं सही केली, आणि 'पाल्याशी नाते' या रकान्यात फार विचार करून 'पत्नी' असं लिहिलं.

चार दिवसांनी शालिग्राम घरी आले. आल्या आल्या त्यांनी दार लावलं, खिडकी लावली, आणि शैलेंद्ररावांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"मानलं तुम्हाला! एकोणीस वर्षांत जे कोणाची बोलायची हिंमत झाली नाही ते तुम्ही छापून राहिले!"

"म्हणजे? काय केलं मी?"

"आता आमच्यासमोर कशाला? प्रचंडदेव म्हणजे आपले विष्णुपंत! गोड आवाज, खांद्यावर शाल, चांदीची सुपारीची डबी, अन् 'माझं एवढंच म्हणणं आहे'! सेम टू सेम!"

शैलेंद्ररावांच्या पायाखालची फरशी सरकली. विष्णुपंत हे मंडळाचे अध्यक्ष. एकोणीस वर्षं, दर वर्षी, बिनविरोध. माणूस वाईट नव्हे हो! कोणाला कधी वाकडा शब्द नाही. फक्त ते बोलायला लागले की पुढं काय होतं हे कोणालाच नीट आठवत नसे. घरी आल्यावर कळे, की आपण गणपतीत पाच दिवस चपला सांभाळायचं कबूल करून आलो आहोत.

"शप्पथ सांगतो, माझ्या मनातही नव्हतं!"

"नव्हतं ना? बरोबर. असंच म्हणायचं," शालिग्रामनी डोळा मारला. "आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत. फक्त माझं नाव कुठं घेऊ नका."

त्या दिवसापासून शैलेंद्रराव प्रचंडदेवाचे कपडे बदलत सुटले. शाल काढून स्वेटर घातला, तर तो शालिग्रामसारखा दिसायला लागला. डबी काढून छत्री दिली, तर खजिनदार. चष्मा लावला तर खुद्द ऑफिसातले साहेब. काहीही करा, जबलपुरातलं कोणीतरी निघायचंच! शेवटी त्यांनी लिहिलं, 'राजाच्या अंगावर कपडे होते,' आणि विषय संपवला.

पण संपतो कुठला? विष्णुपंतांचा फोन आला. चहाला या. हस्तलिखित शालिग्रामनीच नियमाप्रमाणे अध्यक्षांकडे पाठवलं होतं, आणि तेही पहिलं, शाल आणि डबीवालं. शैलेंद्रराव गेले ते ग्वारीघाटाच्या स्मशानात कोणाला पोचवायला निघाल्यासारखे.

विष्णुपंत झोपाळ्यावर बसले होते. मांडीवर हस्तलिखित. खांद्यावर शाल. शेजारी डबी.

"शैलेंद्र," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे चक्क पाणावले होते. "मी रात्रभर विचार केला. तू मला ओळखलंस रे!"

"काका, मी... तसं काही..."

"तो म्हातारा आचार्य! पोरांना मार्ग दाखवणारा! दुसऱ्या प्रकरणात मरतो तो! तो मीच ना?"

शैलेंद्ररावांच्या जिवात जीव आला. आचार्याला त्यांनी सव्वा पान दिलं होतं आणि खोकल्यानं मारलं होतं. पण माणूस स्वतःला गोष्टीत शोधायला निघाला की कुठं जाऊन बसेल याचा नेम नाही.

"माझं एवढंच म्हणणं आहे," विष्णुपंत म्हणाले, "आचार्यानं मरू नये."

शैलेंद्ररावांनी मान डोलावली. खरंच, काय हरकत आहे?

"बंड करण्याआधी पोरांनी आचार्यांची परवानगी घ्यावी. शिस्त असते." मान डोलली. "राजाला एकदम हरवू नये. त्याला समजवावं, शाल-श्रीफळ द्यावं, त्याचं मन पालटावं." मान डोलली. "आणि ती आपली रेवा. पोरीच्या जातीला अशी आखडलेली मान बरी नाही दिसत. शेवटी आचार्यांनी ती तेल लावून बरी करावी."

हे ऐकून शैलेंद्ररावांनी हातातला अनारसा बशीत परत ठेवला. तोंडापर्यंत 'नाही' आलंसुद्धा. पण तेवढ्यात विष्णुपंतांच्या बायकोनं बशीत आणखी एक अनारसा ठेवला, आणि ते बाहेर पडले तेव्हा सगळं कबूल करून बसले होते. पंधरा दिवसांत सुधारित आवृत्ती धनेशकडे छापूनही झाली.

अवंतिकानं छापील पुस्तक हातात घेतलं आणि सरळ शेवटचं प्रकरण उघडलं. तिच्या मोबाईलवर जुना शेवट होता, जो तिला पाठ झाला होता. ती वाचत गेली आणि शैलेंद्रराव पेपरच्या आडून तिच्याकडे बघत राहिले.

"ये किसने लिखा?"

"मीच. म्हणजे काही सूचना होत्या, ज्येष्ठांच्या..."

"रेवा की गर्दन ठीक हो गई?"

"अगं, ते प्रतीकात्मक आहे..."

"वो राजा के पैर छू रही है, बाबा."

तिनं पुस्तक मिटलं आणि टेबलावर ठेवलं. आदळलं नाही, ठेवलं. "मैंने बोला था आपकी बुक पूरी पढ़ूँगी. ये आपकी नहीं है." आणि ती आत गेली. आदळलं असतं तर बरं झालं असतं, असं शैलेंद्ररावांना वाटलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. विनतानंही आग्रह केला नाही.

वार्षिक सभेचा दिवस उजाडला. सभागृहात चौऱ्याहत्तर सभासद, मागून श्रीखंडाचा वास. विष्णुपंतांनी पुस्तकाची सोनेरी फीत सोडली आणि पन्नास मिनिटं आचार्यावर बोलले. रेवाचं नाव एकदा घेतलं, तेही 'देवा' असं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग शालिग्रामनी अहवाल वाचला आणि नेहमीचा विषय काढला.

"पुढील वर्षासाठी अध्यक्ष. मान्यवर लेखक श्री. हुद्दार यांनी विष्णुपंतांचं नाव सुचवावं, अशी विनंती. म्हणजे बिनविरोध करून जेवायला बसू."

शैलेंद्रराव उठले. माईक हातात घेतला. तिसऱ्या रांगेत अवंतिका बसली होती, आईशेजारी. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. पाच सेकंद गेले, दहा गेले, मागून कोणीतरी म्हणालं, 'चलो भई, पुरी थंडी हो रही है.'

आणि अवंतिका उभी राहिली. त्या भरल्या सभागृहात, पुण्याच्या मावसबहिणींपेक्षा शंभर पट चिकित्सक अशा चौऱ्याहत्तर मराठी माणसांसमोर, पोरगी खणखणीत मराठीत म्हणाली,

"बाबा, तुम्हीच उभे राहा ना!"

दोन वर्षांनी तिचं मराठी ऐकलं हो बापानं! त्या क्षणी तिनं नर्मदेत उडी मारा म्हटलं असतं तरी शैलेंद्रराव चपला काढायला थांबले नसते. त्यांची मान हलली. "मी उभा आहे," ते माईकवर म्हणाले. "अध्यक्षपदाला."

शालिग्राम आपल्या अहवालात तोंड घालून काहीतरी शोधायला लागले. एकटे विष्णुपंत तेवढे हसले. "वा! उत्तम! मंडळात लोकशाही आहे हे सिद्ध झालं."

निवडणूक घ्यायची तर मतपत्रिका कुठं होत्या? एकोणीस वर्षांत लागल्याच नव्हत्या. मग ठरलं, की जेवणाच्या कुपनाच्या मागं नाव लिहायचं आणि कुपन डब्यात टाकून पंगतीला बसायचं. सगळे मतदानाला असे धावले, की निवडणूक आयोगानं बघून धन्य व्हावं.

शैलेंद्रराव कुपन घेऊन कोपऱ्यात उभे होते. पेन उघडलं. एवढ्यात खांद्यावर हात पडला. शाल.

"शैलेंद्र," विष्णुपंत हळूच म्हणाले, "माझं एवढंच म्हणणं आहे. उमेदवारानं स्वतःलाच मत देणं आपल्या लोकांत बरं दिसत नाही. मी तुला देतो, तू मला दे. सभ्य माणसांची रीत आहे."

आता यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? मीच मला मत दिलं असं उद्या बेबीकाकूंना कळलं तर काय तोंड दाखवणार?

निकाल श्रीखंडाच्या दुसऱ्या वाढपाला लागला. एकूण कुपनं चौऱ्याहत्तर. विष्णुपंत एकाहत्तर. दोन बाद, कारण त्यावर 'पुऱ्या गरम आणा' असं लिहिलं होतं. शैलेंद्रराव हुद्दार, एक. विष्णुपंतांनी त्यांना सर्वांसमक्ष मिठी मारली आणि परीक्षण उपसमितीवर त्यांची नेमणूक जाहीर केली. बिनविरोध. पाठीशी असलेले शालिग्राम तेव्हा तिसऱ्यांदा मठ्ठा घेत होते.

घरी येताना स्कूटरवर तिघं बसल्यावर बोलायला जागाच नव्हती. घरात शिरल्यावर अवंतिकानं विचारलं, आणि मराठीतच विचारलं.

"आई, तू कोणाला दिलं?"

"ह्यांना. दुसऱ्या कोणाला देणार?"

"मग एक आईचं. विष्णुकाकांनी स्वतःलाच दिलं, ते दिसूनच राहिलं." ती बापाकडे वळली. "अन् बाबा, तुमचं?"

शैलेंद्रराव बुटाची नाडी सोडत होते. ती सुटता सुटेना. शेवटी खाली बघूनच त्यांनी सांगितलं. रीत, सभ्यपणा, बरं दिसत नाही, विष्णुपंतांचं 'मी तुला देतो', सगळं सांगितलं.

"अगं बाई!" विनता मटकन खुर्चीत बसली. "अहो, स्वतःच्या निवडणुकीत?"

शैलेंद्ररावांना आयुष्यात कधी नव्हती एवढी लाज वाटली. साहेबांनी झापलं तेव्हा वाटली नव्हती, पालकाची सही आणताना वाटली नव्हती. लेकीकडे बघायचा धीर होईना. त्यांना वाटलं, आता ही परत हिंदीत जाणार.

अवंतिका आत गेली. पुस्तक घेऊन आली. टेबलाशी बसून तिनं शेवटचं प्रकरण नीट, पट्टी लावून फाडलं, अन् कपाटातून एक कोरी वही काढली.

"शेवट तुम्ही नका लिहू आता," ती म्हणाली. "मी लिहिते. तुम्ही फक्त चुका बघा."

दीड तास ती लिहीत होती. मध्ये एकदा 'दुसऱ्यांदा' कसं लिहायचं ते विचारलं, एकदा आत्याचं काय करायचं ते विचारलं. विनतानं चहा करून आणला, तोही तसाच राहिला. मग तिनं वही बापापुढं सरकवली. ऑफिसच्या सवयीनं शैलेंद्ररावांनी लाल पेन उघडलं आणि वाचायला घेतलं. पहिलंच वाक्य होतं:

'सगळ्यात पहिले रेवा ने आपला मत स्वतःला दिला.'

एका ओळीत चार चुका होत्या. शैलेंद्ररावांनी ती ओळ दोनदा वाचली, चष्मा काढून पुसला, आणि एकही चूक न काढता पुढचं वाचायला लागले.